साठ्यांची जपानी सूनबाई

अमेयच्या बेसमेंटमध्ये आम्ही बसलो की कोणीतरी म्हणतंच, 'ते साठे काकांचं सांग ना', आणि मग एकातून दुसरं निघत जातं. फ्रीजरमध्ये उरलेल्या भाज्यांचे डबे साठत जातात ना, तसे हे किस्से साठलेत. वर लेबल नाही, आत काय निघेल सांगता येत नाही, आणि टाकवतही नाहीत.

मी मुग्धा. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडलं. टोरांटोजवळच्या या मार्कहॅममधल्या मराठी घरांत ही बातमी कोणीतरी गेल्याच्या आवाजात सांगतात. अमेय पुण्याहून आलेला, दिवसा सॉफ्टवेअर, संध्याकाळी 'सोरामामे'. सोरामामे हा जपानी मुलींचा पॉप ग्रुप. त्यांचे टीव्ही शो अमेय कुठून कुठून मिळवायचा आणि मी त्यांना इंग्रजी सबटायटल्स लिहायचे. जपानी मी त्याच नादात शिकले. सोरामामे म्हणजे वालासारखी एक शेंग. माझे बाबा त्या मुलींना 'तुझ्या त्या वालपापड्या' म्हणतात.

*

पहिला धक्का एका गेम शोचा. मुलींचे डोळे बांधले आणि खोक्यात हात घालायला लावला. आत जिवंत ऑक्टोपस. एक जण किंचाळली आणि रडायलाच लागली. स्टुडिओ खदाखदा हसला. इथवर ठीक, टीव्ही सगळीकडे असाच. पण पुढच्या भागात तीच मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, कमरेत वाकली आणि म्हणाली, "मी रडून सगळ्यांचा मूड घालवला. माफ करा."

मी अमेयला विचारलं, हे असंच लिहू? तो म्हणाला, चुकीचं ऐकलं असशील. परत परत लावलं. बरोबर ऐकलं होतं.

*

या मुलींना प्रेमात पडायची बंदी. असं कोणी जाहीर करत नाही, पण नियम सगळ्यांना माहीत. एकीचा कुणा मुलाबरोबर एका छत्रीत फोटो छापून आला आणि त्याच आठवड्यात ती ग्रुपमधून गायब. ग्रुपचं पोस्टर समुद्रकिनाऱ्यावर काढलेलं होतं. नवीन पोस्टर आलं, तर तिच्या जागी माडाचं झाड!

मी हे जेवताना बाबांना सांगितलं. वाटलं, हादरतील. ते भात कालवत म्हणाले, "शिस्त हवीच. तुमच्या पिढीला तीच तर नको असते."

*

मग एका मे महिन्यात सोरामामे खरोखर टोरांटोला आली. कार्टूनवेड्या लोकांचं मोठं संमेलन भरतं, तिथे त्यांचा स्टेज शो. मी दुभाषी व्हॉलंटिअर.

शो झाला की हात मिळवायचा कार्यक्रम. सीडी घ्या, हात मिळवा. मागे एक माणूस उभा असतो, तो क्षणात तुम्हाला खांद्याला धरून बाजूला करतो. अमेयने जपानी भाषण पाठ केलं होतं. ग्रुपमधल्या त्याच्या लाडक्या मिओचा हात हातात आला आणि तो "मी अमेय, मार्कहॅमहून..." एवढं म्हणेपर्यंत बाजूला झालासुद्धा. मागून मिओ म्हणाली, "मार्कहॅम-सान, परत या हं!" सान म्हणजे आपलं 'राव'. तेव्हापासून आम्ही त्याला मार्कहॅमरावच म्हणतो.

मिओ अठरा वर्षांची. स्टेजवर कायम मागच्या ओळीत, कडेला. मधल्या वेळात तिने मला सांगितलं की पुढच्या गाण्यात तिला पहिल्यांदाच मधोमध उभं करणार आहेत. शाळा सोडून ती या ग्रुपमध्ये आली होती आणि तेव्हापासून तिचे वडील तिच्याशी बोलत नव्हते. एकदा मी मधोमध दिसले की बोलतील, असं तिला वाटत होतं. मला तिचं फार पटलं. का, ते सांगायला नको.

*

आता साठे काका. सत्तरच्या दशकात आलेले, रिटायर्ड इंजिनिअर, इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. शनिवारी सकाळी लोकल चॅनेलवर त्यांचा कार्यक्रम लागतो. शूटिंग त्यांच्याच लिव्हिंग रूममध्ये, कॅमेऱ्यामागे त्यांचा मुलगा निखिल. काकांनी सोरामामेला बोलावलं. टीव्ही म्हटल्यावर ग्रुपचा मॅनेजर हो म्हणाला, केवढा टीव्ही ते त्याने विचारलं नाही. मागच्या ओळीतली म्हणून मिओला पाठवलं.

एवढी जपानहून आलेली गायिका सोफ्यावर बसलेली, आणि काकांचा पहिला प्रश्न, "शिक्षण किती झालं?"

मी भाषांतर केलं. शाळा सोडली, ती म्हणाली. काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सगळं कॅमेऱ्यात आलं. मग दुसरा प्रश्न, "बरं, मग या गाण्याबिण्यानंतर काय करणार?"

मिओ म्हणाली, "नंतर काही नाही. माझ्याकडे एवढंच आहे."

मी शब्द न् शब्द सांगितला. काका म्हणाले, "हॉबी म्हणून छान आहे."

*

मॅनेजरने गाडी शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेत लावली होती. ती काढायला लावून मी परत आले, तर मिओच्या कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, ओटीत नारळ आणि गळ्यात मंगळसूत्र!

काकू इमिटेशनचे दागिने विकतात. घरी आलेल्या प्रत्येक बाईपुढे त्यांचा डबा उघडतो. मिओला काळे मणी आवडले, तिने ते मंगळसूत्र उचललं. काकूंनी घातलं. मी म्हटलं, काकू, हे मंगळसूत्र आहे. तर त्या म्हणाल्या, "हो ना, वाट्या बघ किती नाजूक आहेत."

काकांनी निखिलला कॅमेऱ्यामागून ओढून मिओच्या शेजारी उभं केलं आणि फोटो काढला. मी स्पष्ट सांगितलं की हा कुठेही टाकू नका, या मुलींना अशा फोटोवरून काढून टाकतात. काकांनी माझ्या पाठीवर थोपटलं. म्हणाले, जपानमध्ये कोण बघतंय आपलं?

*

दोन दिवसांनी फोटो मंडळाच्या वेबसाइटवर. खाली इंग्रजीत, 'साठे कुटुंबाची जपानी सूनबाई'. पुढे हसरा चेहरा.

जपानमध्ये सगळ्यांनी बघितलं. तिथल्या फॅन्सच्या फोरमवर काळे मणी म्हणजे काय, हिरव्या बांगड्या कधी घालतात, सगळं कुणीतरी समजावून दिलं. एकाने निखिलचं ऑफिस शोधून काढलं. निखिल हादरला, कारण त्याची खरी गर्लफ्रेंड विनिपेगला असते आणि साठ्यांच्या घरात ते अजून कुणाला माहीत नाही.

मी आणि अमेयने फोरमवर लिहिलं की बाबांनो, हा फक्त एका म्हाताऱ्याचा विनोद आहे, लग्नबिग्न काही नाही. खाली लगेच उत्तर आलं, "तुम्ही नवऱ्याकडचे का?"

*

मी काकांकडे गेले. बाबाही तिथेच चहा पीत बसलेले. मी म्हटलं, शनिवारी कार्यक्रमात फक्त एक वाक्य बोला, की ती गंमत होती आणि चूक आमची. मी जपानीत करून जपानला पाठवते. त्या मुलीची जागा जाईल हो.

काका म्हणाले, "आम्ही माफी मागायची? ओटी भरली आम्ही तिची. सन्मान केला. तुला सन्मान काय कळणार?"

बाबा म्हणाले, "मुग्धा, मोठ्यांशी असं बोलतात?"

सत्तरी आली तरी या माणसांच्या तोंडून 'चुकलं' एवढा शब्द निघत नाही, आणि आम्हाला शिस्त शिकवतात! संध्याकाळी काकांनी गुपचूप फोटो काढून टाकला. फोरमवर लगेच ठरलं, फोटो काढून टाकला म्हणजे लग्न खरंच झालंय.

*

मिओचा व्हिडिओ आला. काळा सूट, केस घट्ट बांधलेले, मागे पांढरा पडदा. ती वाकली आणि इतका वेळ वाकून राहिली की अमेयला वाटलं व्हिडिओ अडकला. मग सरळ झाली. "कॅनडातले लोक माझ्याशी प्रेमाने वागले. त्यांचा दोष नाही. चूक माझी आहे. मी आजपासून ग्रुपमध्ये नसेन." मग परत वाकली, आणि तशीच वाकलेली असताना रडायला लागली. कोणी कॅमेरा बंद केला नाही.

सबटायटल्स मी लिहिली. अमेय वर गेला आणि सकाळीच कापलेलं लॉन भर उन्हात परत कापत बसला.

मी तो व्हिडिओ साठे काकांना पाठवला. वर एक शब्द लिहिला नाही.

*

काही दिवसांनी काकांचा फोन. आवाज एकदम मऊ.

"मुग्धा बाळा, बघितला गं तुझा व्हिडिओ. काकूंनीही बघितला. तुझ्या बाबांनाही दाखवला."

मी मनात म्हटलं, आता बोलतील.

"काय संस्कार आहेत त्या मुलीवर! चूक झाली की कशी वाकते! नाहीतर आपली इथली पोरं. म्हणून म्हटलं, गणपतीत लहान मुलांचा एक आयटम बसवू. सगळ्यांनी स्टेजवर ओळीत उभं राहायचं आणि समोर बसलेल्या आईवडिलांना अगदी अस्संच वाकून सॉरी म्हणायचं. तुला भाषा येते, तूच बसव."

मी फोन कानापासून लांब धरला. त्यांना वाटलं, मी विचार करतेय.

"फक्त शेवटी ती रडते ना, तेवढं घेऊ नकोस," काका म्हणाले. "सणाच्या दिवशी बरं दिसत नाही."