चार बोटं गॅस

आधीच सांगते — मी बारामतीला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. भूतखेत म्हटलं की माझं डोकं फिरतं. तरी हे लिहितेय, कारण इतकी वर्षं झाली, मनातून जात नाही...

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सासर काटेवाडीचं. गोठ्यात म्हशी, म्हणून परसात गोबरगॅस. शेण-पाणी कालवून घातलं की गॅस होतो आणि वरची लोखंडी टाकी उचलली जाते. वापरला की टाकी खाली बसते. शिल्लक किती, ते डोळ्यांना दिसतं. सासूबाई — त्यांना आम्ही आत्या म्हणायचो — टाकीला बोटं लावून, कशाला ती किती उतरेल याचा अंदाज सांगायच्या. "चार बोटं च्याला, ईतभर भाकरीला." तात्यांचा, म्हणजे सासऱ्यांचा, दुपारचा चहा मात्र त्या स्वतःच टाकायच्या. मी पुढं झाले की, "ऱ्हाऊ दे, तुला न्हाय जमायचा." बी.एस्सी. झालेली बाई, आणि चहा जमत नाही! राग यायचा मला.

एका हिवाळ्यात आत्या अचानक गेल्या. सुतकात आमच्याकडं चूल पेटत नाही, गॅसही नाही. जेवण शेजारून यायचं. तात्या मात्र घोटभर पाण्याशिवाय काही घेईनात. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर माणूस हातचा जाईल.

गडी रोज शेण घालत होता, वापर काहीच नव्हता. सकाळी टाकी टच्च भरलेली असायची... पण दुपारी बघावं तर चार बोटं खाली! साबणाचं पाणी लावून नळी तपासली. गळती नाही, कॉकही बंद. आणि दुपारी तर उन्हानं गॅस फुगतो — टाकी वर जायला हवी.

एकदा मी तिथंच उभी राहिले. डोळ्यांदेखत टाकी हळूहळू खाली बसली. स्वयंपाकघरात धावले — कुणी नाही, शेगडी गार.

तात्या ओट्यावर बसलेले. शांतपणे म्हणाले, "तिचा च्या टाकायचा वखत हाय ह्यो."

माझा तोल गेला. "मग प्या की तात्या! उपाशी का मरताय?"

"टाकती ती. पर आणून द्यायला कोन हाय, पोरी?"

मला रडूच फुटलं. म्हटलं, सुतक गेलं चुलीत! गॅस पेटवला, चहा टाकला. चुलतसासूबाई बोलायचं ते बोलल्याच. तात्यांनी बशीत ओतून सगळा चहा संपवला. मग म्हणाले, "साखर कमी हाय... शेजारची भाकरी हाय का कुठं?"

दुसऱ्या दिवशी दुपारीही टाकी भरलेली, कडेनं बुडबुडे येत होते. मी चहा टाकला, तेव्हाच उतरली. त्यानंतर ती आपोआप कधीच उतरली नाही.

गोबरगॅस बसवणाऱ्या साहेबांना विचारलं. म्हणाले, "थंडीनं होतं असं." भर दुपारी कसली थंडी? पण मलाही दुसरं काही सुचलेलं नाही, आजपर्यंत. एवढंच वाटतं, की जिवंतपणी ज्या चहाला आत्यांनी मला हात लावू दिला नाही, तो माझ्या हाती देऊन मगच त्या गेल्या.