बाबांच्या इंजिनाचं चेंबर

“बायको बघायला गेलास तेव्हा एका बशी पोह्यांत होकार देऊन आलास,” आई म्हणाली, “आणि या पत्र्याच्या भांड्याला तीन महिने?”

पत्र्याचं भांडं म्हणजे इंजिनाच्या बुडाशी असतं ते ऑइलचं चेंबर. सगळं ऑइल त्यात साठतं आणि तळाशी बुडालेल्या एका जाळीतून पंप ते वर ओढून इंजिनभर फिरवतो. हे मी आईला बऱ्याच वेळा समजावलं होतं. तिला ते पहिल्याच वेळी समजलं होतं. तिचा आक्षेप तीन महिन्यांवर होता.

गाडी साधी, छोटी हॅचबॅक. फक्त ट्रॅकवर पळवण्यासाठी ठेवलेली. ती फरीदाबादला एका फॅब्रिकेटरच्या, म्हणजे पत्रे कापून-जोडून देणाऱ्याच्या, शेडमध्ये असते, कारण दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरातलं क्वार्टर बायकोच्या नोकरीचं आहे आणि क्वार्टरच्या आसपास ती गाडी दिसता कामा नये, असा तिचा नियम आहे. गाडीतलं इंजिन मात्र त्या गाडीचं नाही. ते बाबांचं आहे.

बाबा गेले तेव्हा त्यांची सेडान पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती. आई ती विकू देईना आणि चालवणारं कोणी नव्हतं. उंदरांनी वायरी खाल्ल्या, गंजानं तळ खाल्ला. शेवटी भंगारवाल्याला बोलवावं लागलं, तेव्हा मी म्हटलं, सगळं ने, इंजिन ठेव. ते ट्रान्सपोर्टनं फरीदाबादला आलं, आई विमानानं दिल्लीला आली.

“लोक वडिलांचं घड्याळ ठेवतात,” बायको म्हणाली.

घड्याळ भावानं नेलं होतं.

ग्रेटर नोएडाच्या बाजूला एक ट्रॅक आहे, तिथे पैसे भरून आपली गाडी मनसोक्त पळवता येते. बाबांचं इंजिन घालून पहिल्यांदा गेलो आणि तिथल्या एका लांबलचक उजव्या वळणावर ऑइलचा लाल दिवा लागला. लागला आणि विझला. मी लगेच गाडी बाजूला घेतली. गाडी उजवीकडे वळत राहिली की ऑइल डावीकडे चढतं, जाळी उघडी पडते आणि इंजिन तेवढा वेळ नुसती हवा पितं. हवेवर इंजिन चालत नाही. आतली बेअरिंगं घासली जातात आणि खेळ खलास.

फॅब्रिकेटरनं चेंबर खोलून बेअरिंगं बघितली. ठीक होती. “सर जी, एक बार माफ कर दिया इसने,” तो म्हणाला, “दूसरी बार नहीं करेगा.”

त्या मॉडेलचं दुसरं इंजिन कुठेही मिळालं असतं. हे मिळालं नसतं. मला घाम फुटला तो त्यासाठी. रेसिंगचं वेड एक वेळ सुटलं असतं, पण आईला काय सांगणार होतो, की बाबांचं उरलंसुरलं तेवढं होतं, तेही मी एका वळणावर जाळून आलो?

लाल दिव्याचं तिला सांगितलं. लपवून उपयोग नसतो, माझ्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळतं.

“बाबांच्या वेळी कधी लागला नाही दिवा,” ती म्हणाली.

“बाबा वळणावर चाळीसनं जायचे.”

“मग?”

मी चेंबर शोधायला लागलो.

ट्रॅकच्या गाड्यांना आत आडव्या भिंती घातलेलं चेंबर लावतात. भिंतींना छोट्या झडपा असतात. ऑइल जाळीकडे येऊ शकतं, जाळीपासून पळू शकत नाही. आई म्हणाली, यात नवीन काय आहे, आमच्या आजोळी बैलगाडीतून पाण्याचं पिंप आणताना वर कडुलिंबाचे डहाळे टाकायचे, पाणी हिंदकळायचं नाही. मी म्हटलं, अगं, ते वरून सांडू नये म्हणून. इथे प्रश्न तळाचा आहे.

“मग डहाळे तळाशी टाक,” ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

माझ्यापुढे दोन रस्ते होते. एक, परदेशी बनावटीचं तयार चेंबर. दोन्ही बाजूंना रुंद, आत भिंती, झडपा, सगळं जागच्या जागी. दुसरा, बाबांच्याच गाडीचं जुनं चेंबर कापून आत भिंती वेल्ड करायच्या. मला अर्थातच तयार हवं होतं. दिसायलाच असं देखणं की नजर लागावी. फक्त घोडं एका ठिकाणी पेंड खात होतं. इंजिन दुसऱ्या गाडीचं असल्यामुळे चेंबरच्या अगदी खालून या गाडीचा एक जाड लोखंडी आडवा बार जातो. मध्ये पुरेशी फट हवी, कारण इंजिन रबरावर बसलेलं असतं आणि चालू झालं की हलतं.

गुडगावच्या एका ओळखीच्या माणसाकडे तसं चेंबर न वापरता पडून होतं. तो म्हणाला, लावून बघ, बसलं तर ठेव. फट मोजायची रीत अशी की बारवर मऊ मातीचे गोळे ठेवायचे, चेंबर आवळायचं, परत काढायचं. गोळा दबून जेवढा जाड उरेल तेवढी फट. माती आणायला कोण जातंय? फ्रीजमध्ये कणकेचा डबा होता. निघताना दोन गोळे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घेतले.

सप्टेंबरचं ऊन होतं. फरीदाबादच्या शेडमध्ये चेंबर आवळलं, काढलं, चपटे झालेले गोळे अलगद डब्यात ठेवले. जाडी मोजायचा माझा व्हर्नियर घरी राहिला होता. येताना बदरपूरला नेहमीसारखा जाम लागला. घरी येऊन मोजलं तर छान ऐसपैस फट. मी खूश. बायकोला म्हटलं, बघ, उगाच घाबरत होतो. चेंबर ठेवून घेतलं.

पुढच्या रविवारी ते कायमचं बसवलं, ऑइल भरलं, चावी फिरवली. खालून आवाज आला. टक टक टक टक.

बेअरिंग गेल्याचा आवाज असाच असतो, सगळ्यांना माहीत आहे. फॅब्रिकेटरनं झडप घालून चावी बंद केली. मी तिथेच ऑइलनं माखलेल्या फरशीवर बसलो आणि खरं सांगतो, बाबा गेल्याचा फोन आला होता तेव्हा बसलो होतो तसाच बसलो. तो गाडीखाली शिरला. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, “सर जी, इंजन ठीक है. चेंबर बज रहा है.”

चेंबर बारवर आपटत होतं. फट जवळपास नव्हतीच. मग मी मोजलं ते काय होतं? तिथूनच आईला फोन लावला. “आई, मागच्या रविवारी फ्रीजमध्ये कणीक होती, ती कसली होती?”

“तू नेलीस?” आईचा आवाज चढला. “अरे, मी सुनेला बोलले त्यावरून! भटुऱ्याचं पीठ होतं ते. वरच्या मजल्यावरच्या भाभींनी शिकवलं होतं. दही, साखर, यीस्ट घालून भिजवलेलं.”

म्हणजे गोळे शेडमध्ये नीट दबले होते. बदरपूरच्या जाममध्ये, बंद डब्यात, उन्हानं फुगले. आणि मी फुगलेलं भटुरं मोजून इंजिनाचं चेंबर निवडलं.

“मैदा आणि कणीक यातला फरक कळत नाही तुला?” आई म्हणाली. “आणि इंजिनं उघडतोस!”

फॅब्रिकेटरनं फोनवरचं सगळं ऐकलं होतं. मराठी त्याला येत नाही, पण ‘भटुरे’ समजतं. तो शेडबाहेर जाऊन हसून आला.

देखणं चेंबर पोचा पडल्यामुळे परत देता येईना. ते अजून आमच्याकडे आहे. बायको त्यात कढीपत्ता लावणार आहे.

राहिलं बाबांचं जुनं चेंबर. या खेपेला आई स्वतः फरीदाबादला आली. घट्ट भिजवलेली गव्हाची कणीक घेऊन, ओल्या फडक्यात गुंडाळून. “माझ्यासमोर मोज,” म्हणाली. शेडमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली, फॅब्रिकेटरनं तिला चहा दिला आणि जुनं चेंबर धुऊन तिच्यापुढे टेबलावर ठेवलं. तिनं ते हातात घेऊन फिरवलं. तळाला एक खोलगट पोचा होता.

“हा ताम्हिणीतला,” ती म्हणाली. “दगडावरून घातली होती यांनी. आणि म्हणतात कसे, दगड मध्ये आला. मुळशी येईपर्यंत भांडत होतो.”

फॅब्रिकेटर म्हणाला, डेंट निकाल दूँ? आईनं हिंदीत सांगितलं, “नहीं, रहने दो.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “हेच होतं ना पहिल्यापासून? काखेत कळसा आणि गावाला वळसा.”

कणीक दबली, तिथेच मोजली, फट पुरेशी होती. चेंबर कापून आत भिंती आणि झडपा घातल्या. पोचा राहिला. ऑइलच्या दाबाचा एक वेगळा काटाही डॅशबोर्डवर बसवला.

नोव्हेंबरच्या धुरक्यात ट्रॅकवर गेलो. पंचाईत अशी की त्या वळणावर मला रस्त्यावरून नजर काढता येत नाही आणि काटा नेमका तिथेच बघायचा असतो. डॅशबोर्डसमोर फोन अडकवून व्हिडिओ काढला, त्यात काटा सोडून सगळं दिसलं. बायको म्हणाली, मी बसणार नाही, मला नोकरी आहे.

“मी बसते,” आई म्हणाली. “जन्मभर यांच्या शेजारी बसून स्पीडचाच काटा बघत आले.”

ट्रॅकवाल्यांनी तिचं वय विचारलं, माझ्याकडे बघितलं, सही घेतली. बूट तिनं आदल्या दिवशी सरोजिनीच्या बाजारातून घासाघीस करून आणले होते. हेल्मेट अंबाड्यावर बसेना. तिनं अंबाडा सोडला, वेणी घातली, पट्टे बांधून घेतले. मी काट्याखाली लाल टेप लावली होती. म्हटलं, काटा टेपच्या खाली गेला की जोरात ओरड, मी तिथल्या तिथे इंजिन बंद करीन.

“ओरडायला मला सांगावं लागत नाही,” ती म्हणाली.

वळण आलं. मी जीव मुठीत धरून गाडी घातली, मागच्या वेळी घातली होती तेवढ्याच वेगानं. टायर किंचाळत होते. आई गप्प. वळण संपतच नव्हतं. आई गप्प. सरळ रस्त्याला लागलो तेव्हा मी ओरडून विचारलं, “काय झालं?”

“थोडा हलला. पडला नाही.”

पुढच्या चकरेतही पडला नाही. त्याच्या पुढच्याही. मी गाडी आत घेतली. इतकं हलकं वाटत होतं की डोळ्यांत पाणी आलं, आणि हेल्मेटमध्ये ते पुसता येत नाही. “झालं आई, उतर. टिकलं इंजिन.”

ती उतरली नाही.

“अजून एक चक्कर मार,” ती म्हणाली. “काटा नाही बघणार आता. नुसती बसते.”

आम्ही परत निघालो. एकदा बाजूला बघितलं, तिनं मान मागे टेकवली होती, डोळे मिटले होते. ती इंजिन ऐकत होती. लांब वळण आलं, मी गाडी आत घातली, इंजिनाचा आवाज चढला.

“अहो, हळू!” आई म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

मी पाय उचलला. गाडी चाळीसवर आणली आणि ते सबंध वळण चाळीसनंच नेलं. मागून दोन गाड्या दिवे मारत निघून गेल्या.