कोण आलंय बघा!

लेक सुखरूप घरी आली होती, समोर बसून चहात बिस्कीट बुडवत होती, तरी आईची रोजची धास्ती काही केल्या जात नव्हती. उद्या सकाळी ही पुन्हा पाळणाघरात जाणार, आणि संध्याकाळी दारात उभी राहून कुणाचं मूल कुणाच्या हाती देणार?

लेक नऊ वर्षं तिथे कामाला होती. पोरं तिला मावशी म्हणत. कितीही भोकाड पसरलेलं पोर तिच्या कडेवर गेलं की दोन मिनिटांत गप्प. दीड वर्षापूर्वी ती जिन्यावरून पडली, डोक्याला मार बसला. टाके निघाले त्या दिवशी दवाखान्याच्या दारात ती आईच्या अगदी जवळून सरळ पुढे निघून गेली.

"अगं, कुठं निघालीस?" म्हटल्यावर दचकून वळली. आवाज ओळखला होता, चेहरा नाही.

डॉक्टरांनी समजावलं होतं : डोळे ठणठणीत आहेत, पण चेहरे ओळखायचं काम मेंदूतला एक ठरावीक भाग करतो, आणि तिथेच इजा झाली आहे. नाक, डोळे, ओठ तिला सुटे सुटे नीट दिसत. त्यांचा मिळून माणूस होत नसे. आवाज, चाल, कपडे ओळखणारे भाग मात्र शाबूत होते.

"म्हणजे ऑफिस चालू, एकच साहेब रजेवर," लेक तेव्हा म्हणाली होती.

पाळणाघरात कळलं तर घरी बसवतील, म्हणून युक्ती आईनेच काढली. मुलं ती कपड्यांवरून, आवाजावरून ओळखायचीच. प्रश्न न्यायला येणाऱ्यांचा होता. कुणी आलं की आत वळून हाक द्यायची, "कोण आलंय बघा!" ज्याचं माणूस असेल ते पोर धावत सुटतं. ओळखायचं काम पोरांनी करायचं, हिने फक्त दप्तर द्यायचं. पालकांना वाटे, मावशी किती हौशी!

"आज गंमतच झाली," बिस्कीट संपवून लेक म्हणाली. "एक बाबा आले. सर्दीने घसा पार बसलेला. मी हाक दिली, तर दोन वर्षांचा एक जण दारापाशी आला आणि हात वर केले. दिला उचलून. त्यांच्या खांद्यावर मान टाकून पडला पण! ते म्हणतात, 'मावशी, बदलून मिळेल का? आमची मुलगी आहे.' सगळे इतके हसलो!"

आई हसली नाही. "रडला नाही तो?"

"नाही ना. अंग कोमट होतं त्याचं, पेंगुळला होता. कुणीही घेतलं असतं तरी गेला असता."

बोलून गेल्यावर लेकीला आपणच काय म्हणालो ते कळलं. ती कपातल्या गाळाकडे बघत बसली.

"बाईंना सांग," आई म्हणाली. पाळणाघर चालवणाऱ्या बाई कडक होत्या.

"सांगितलं की संपलं. मला दुसरं काय येतं, आई?"

"ते गृहस्थ बोलले नसते तर?"

"बोलले ना!"

"आणि उद्याचा कुणी नाही बोलला, तर?"

"युक्ती तुझी होती," लेक हळूच म्हणाली, आणि उठून आत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दीड वर्ष आपण जोखमीचं काम बोबड्या पोरांच्या गळ्यात घातलं, हे आईला आता उमगलं. लेकीचं काम जाऊ नये म्हणून. बाईंना विनवता येईल : हिला आत पोरांपाशी ठेवा, दारात दुसरं कुणी उभं करा. ऐकतील? सांगता येत नव्हतं. नाही ऐकलं, तर लेक आपल्याला कधी माफ करेल?

ती लेकीच्या दारात गेली.

"बाईंना फोन करतेय. चोरून नाही, तुझ्यासमोर."

लेक भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आई पलंगाच्या कडेला टेकली. युक्ती माझी होती, हे सगळ्यात आधी सांगायचं असं ठरवून तिने नंबर लावला.