आमच्या कॅमेऱ्याचा दसरा

आयुष्यात मी नीट विचार करून एकच गोष्ट विकत घेतली, ती म्हणजे कॅमेरा. घर घेतानासुद्धा मी इतका विचार केला नव्हता. (ऑस्ट्रेलियातलं, स्कोफिल्ड्समधलं हे घर मी पहिल्याच इन्स्पेक्शनला पसंत केलं, कारण मला कडकडून भूक लागली होती.)

निमित्त होतं माझ्या बायकोच्या, सायलीच्या, डोहाळजेवणाचं. पहिलं बाळंतपण, आणि नेमकी कोविडमुळे ऑस्ट्रेलियाची दारं बंद! नाशिकला सासूबाईंनी डिंक, अळीव, झबली-टोपडी असं सगळं बॅगेत भरून ठेवलं होतं आणि ती बॅग पलंगाखाली तशीच पडून होती.

"मला काही येता येत नाही," सासूबाई फोनवर म्हणाल्या. "निदान माझ्या लेकीचा हिरव्या साडीतला एक छानसा फोटो पाठवा, मंदारराव. मोठा करून समोरच्या भिंतीवर लावीन म्हणते."

फोन ठेवल्यावर सायलीचे डोळे भरून आले. "एकच फोटो मागितलाय रे तिने. आणि तुझ्या फोनमधल्या प्रत्येक फोटोत माझे डोळे मिटलेले!"

"कॅमेराच घेऊ या की!" मी उदार झालो.

"हजार डॉलरमध्ये बसवायचं. लेन्ससकट. आणि डोहाळजेवणाच्या आत!"

झालं! मी अभ्यासाला बसलो. वर्क फ्रॉम होम चालूच होतं, त्यामुळे ऑफिसच्या मीटिंग एका स्क्रीनवर आणि कॅमेऱ्यांचे व्हिडिओ दुसऱ्या. पोळी खाताना मी फुल फ्रेमवर बोलायचो, कपडे वाळत घालताना क्रॉप सेन्सरवर. "ज्याच्यावर फोटो उमटतो तो सेन्सर हाच कॅमेऱ्याचा आत्मा आहे, सायली," असं मी तिला दात घासताना सांगितल्याचंही ती सांगते. (मला आठवत नाही, पण मी सांगितलं असेल.)

त्यात पलीकडच्या गल्लीतला निखिल. हा मूळचा ठाण्याचा, माझ्यासारखाच आयटीतला, आणि हौशी फोटोग्राफर. कुंपणाबाहेर मास्क लावून उभा राहायचा आणि मला बिघडवायचा.

"मेट, कॅमेऱ्याची नुसती बॉडी सेकंडहँड घे. बॉडी आज आहे, उद्या नाही. लेन्स मात्र कोरी घे. प्राइम!"

"प्राइम म्हणजे?" सायलीने खिडकीतून विचारलं.

"म्हणजे झूम नसलेली," मी अभिमानाने सांगितलं.

"मग जवळचं-लांबचं कसं काढायचं?"

"आपण पुढे-मागे व्हायचं!"

"म्हणजे एवढे पैसे मोजायचे आणि वर चालायचंही आपणच?"

तिला कलेतलं काही कळत नाही, असं निखिलचं आणि माझं तेव्हा एकमत झालं.

अखेर बॉडी मिळाली. लॉकडाउन नुकताच सैल झाला होता, पण विकणारा माणूस अजून घाबरलेला. त्याने कॅमेरा घराबाहेरच्या कचऱ्याच्या बिनवर ठेवला आणि खिडकीतून थम्स अप केलं. मी वळणावरून गाडी आणतो न आणतो, तोच समोरून कचऱ्याचा ट्रक! असा धावलो की मास्क डोळ्यांवर आला. कॅमेरा वाचला. लेन्स मात्र मेलबर्नच्या कुठल्याशा गोदामात अडकली होती, आणि 'डिलिव्हरीला विलंब होत आहे' असा मेसेज मला रोज नियमाने येत होता.

आणि मध्ये आला दसरा.

आईचा पुण्याहून व्हिडिओ कॉल. "हत्यारं मांडलीस का पूजेला?"

आमची हत्यारं म्हणजे लॅपटॉप, पान्यांचा सेट आणि मिक्सर. मी पाटावर मांडलं सगळं, आणि मधोमध कॅमेरा. सायली वरच्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होती, म्हणजे मला अडवायला कोणीही नव्हतं.

"कुंकू लाव. कोरडं नको रे, जरा ओलं कर, म्हणजे नीट बसेल. हं. आता कॅमेऱ्याला... अरे, हे काय लावतोयस? टोपणाला?"

"आई, लेन्स नाहीये ना अजून, म्हणून पुढे झाकण आहे."

"म्हणजे तू काय टोपणाची पूजा करणार? काढ ते! कॅमेऱ्याला लाव, कॅमेऱ्याला!"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आई आवाज चढवून बोलायला लागली की माझी इंजिनिअरिंगची डिग्री आपोआप रद्द होते. मी झाकण काढलं. आत एक चौकोनी, गुळगुळीत, इंद्रधनुष्यासारखं चमकणारं काहीतरी होतं. इतकी प्रसन्न जागा दुसरी कुठली असणार? मी अनामिकेने तिथे ठसठशीत कुंकू लावलं. वर अक्षता टाकल्या. त्यातल्या दोन आत गेल्या.

"आता कसं भरल्यासारखं दिसतंय!" आई म्हणाली. "उद्यापर्यंत पुसू नकोस हं."

मी आज्ञाधारकपणे झाकण लावून टाकलं.

लेन्स आली ती डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळी. झाकण उघडलं मात्र! ज्या आत्म्यावर मी दोन महिने कीर्तन केलं होतं, त्याच्यावर कुंकू वाळून बसलेलं! कॅमेरा उलटा करून अक्षता पाडल्या. चष्म्याच्या फडक्याने अलगद पुसलं. बरंच निघालं. मला तर सगळंच निघाल्यासारखं वाटलं. (मी ते चष्मा काढून बघत होतो. फडकं हातात आलं की सवयीने आधी चष्मा उतरतो ना!) सायलीला सांगायचं धाडस झालं नाही.

बॅकयार्डात झोपाळा सजला होता. सायली हिरव्या साडीत, फुलांची वाडी घातलेली, फारच सुंदर दिसत होती. निखिल आणि चार-पाच शेजारी आले होते. एक फोन स्टँडवर लावून नाशिकला व्हिडिओ कॉल चालू केला होता, पण नेट असं की सासूबाईंना निम्मा कार्यक्रम गोठलेलाच दिसला. बाकीच्यांनी फोन काढले, तसा मी गरजलो, "फोन आत ठेवा! आज कॅमेरा आहे!"

सगळ्यांनी निमूट फोन खिशात घातले. मी पुढे झालो, मागे झालो, गवतात आडवा झालो. व्हिडिओत शिकवल्याप्रमाणे सायलीचा चेहरा प्रत्येक फोटोत नेमून दिलेल्या ठिकाणीच ठेवला, तसूभरही इकडेतिकडे नाही. उन्हात कॅमेऱ्याच्या इवल्याशा स्क्रीनवर फोटो झकास दिसत होते. त्यातला एक मी तिथूनच फोनवर घेतला आणि मोठ्या ऐटीत सासूबाईंना पाठवून दिला.

पाहुणे गेले, वाडी उतरली, आणि मी फोटो लॅपटॉपवर उघडले.

"मंदार, माझ्या गालावर हे काय आहे?"

"कुठे?"

"इथे. काळं. याही फोटोत. याही! अरे, सगळ्याच फोटोंत आहे की!"

लाल कुंकू फोटोत काळं उमटतं, हे ज्ञान मला त्या क्षणी झालं. आणि मी चेहरा इतक्या निष्ठेने एकाच जागी ठेवला होता, की एकही फोटो सुटला नव्हता!

"कुंकू आहे ते," मी पुटपुटलो.

"कुठे?"

"सेन्सरवर."

"सेन्सरवर कुंकू? कोणी लावलं?"

"दसरा होता ना... आई म्हणाली..."

"आई म्हणाली! उद्या आई म्हणाली तर त्यावर नारळ फोडशील?" सायली ओरडली आणि एकदम रडायलाच लागली. "एकच फोटो मागितला होता रे माझ्या आईने! आता काय पाठवू तिला?"

मी मघाशीच पाठवलाय, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि तिचा फोन वाजला. सासूबाई! तिने तो स्पीकरवर टाकला. पलीकडे त्याही रडत होत्या. मला घरात लपायला जागा दिसेना.

"अगं, फोटो बघितला," सासूबाई म्हणाल्या. "केवढी गोड दिसतेस! सकाळपासून जीव नुसता खालीवर होत होता, एवढी नटूनथटून बसणार, लोकांची नजर लागेल, आणि दृष्ट काढायला मी नाही तिथे. तर मंदाररावांनी बघ कशी आठवणीने गालावर तीट लावली! आजकालच्या मुलांना सुचतं का असं काही?"

सायलीने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी जन्मात विसरणार नाही.

"हो ना, आई," ती नाक पुसत म्हणाली. "स्वतःच्या हाताने लावली त्याने."

नाशिकच्या भिंतीवर तो फोटो आज दिमाखात लटकतो आहे. पुढे आम्हाला मुलगी झाली, तोवर निखिलच्या ओळखीच्या एका माणसाने सेन्सर लख्ख करून दिला होता. बाळाचा पहिला फोटो मी पाठवला, अगदी निर्मळ, केसन्‌केस दिसणारा. पाच मिनिटांत सासूबाईंचा फोन. "फोटो चांगलाय, मंदारराव, पण तीट कशी विसरलात?"

तेव्हापासून मी महागातल्या प्राइम लेन्सने स्वच्छ फोटो काढतो, लॅपटॉपवर घेतो, आणि चष्मा लावून त्याला नीट डाग पाडत बसतो.