नणंदेचं शहर

वर्षाराणी लग्न होऊन अनसिंगला आली तेव्हा रुखवतात भांड्यांच्या जोडीला एक कॅरम बोर्ड होता. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पण कारंज्याच्या कॉलेजात तिला हरवणारी पोरगी नव्हती आणि तो बोर्ड मागे ठेवून यायला ती तयार नव्हती.

नवरा गणेश भाजीपाला करायचा. वांगी, भेंडी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं सगळं वाशीमच्या बाजारात न्यायचा. त्याला खेळाचं सोयरसुतक नव्हतं. बोर्डाला चिकटली ती त्याची धाकटी बहीण, हेमला. तेव्हा शाळेत होती. बोट कसं ठेवायचं, राणी घेतली की लगेच कव्हर कसं करायचं, हे सगळं तिला वर्षाराणीनंच शिकवलं. पोरगी हुशार निघाली. पुढे नर्सिंग करून वाशीमच्या एका खासगी दवाखान्यात लागली, आणि एक दिवस संध्याकाळी जीपमधून उतरली ती नाचतच.

"वयनी, मले मोठ्या दवाखान्यात घेऊन राह्यले! नागपूर, पुणं, नाशिक, तिन्हीकडं दवाखाने हायेत त्याईचे. कुठं जायचं ते माह्यं मी ठरवायचं!"

"लय चांगलं झालं," वर्षाराणी म्हणाली आणि चुलीपुढं जाऊन बसली. भाकरी थापताना तिच्या लक्षात आलं, की आपल्याला मुळीच चांगलं वाटलेलं नाही.

मग रोजचंच झालं ते. जेवणं झाली की हेमला मोबाईल घेऊन तिच्याजवळ सरकायची. कुठं होस्टेल जवळ, कुठं पगार बरा, आणि मुख्य म्हणजे कुठं कॅरम खेळायला मिळेल. "नुस्ती ड्युटी करून कायले जगायचं, वयनी? ड्युटी सुटली का बोर्डावर बसता आलं पाह्यजे." वर्षाराणी ऐकायची आणि प्रत्येक शहरात खोट काढायची. पुण्यात म्हणे गर्दीत जीव जातो. नाशिक लांब पडतं, आजारी पडलीस तर कोण येणार? नागपूर त्यातल्या त्यात बरं, मावशी आहे तिथं. ती मावशी कडक होती, पोरीला संध्याकाळी घराबाहेर पडू दिलं नसतं, हे वर्षाराणीला चांगलं ठाऊक होतं. तरी तिनं नागपूरच पुढं केलं.

आपण काय करतोय हे तिला कळत नव्हतं असं नाही. हेमला नकाशावर बोट फिरवायची तेव्हा ते बोट तिच्या डोळ्यांत खुपायचं. आपणच शिकवलेलं बोट!

नाशिकमध्ये बायकांचा एक कॅरम क्लब सापडला. हेमलानं तिथल्या बाईंना फोन केला आणि ड्युटीवर मोबाईल बाजूला ठेवावा लागतो म्हणून वहिनीचा नंबर देऊन ठेवला. नेमका त्याच नंबरवर फोन आला. वर्षाराणी भेंडी तोडत होती, कुसांनी हात खाजत होते.

"हेमलाताईंसाठी फोन केला होता," पलीकडच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या. "संध्याकाळच्या बॅचमध्ये एक जागा झालीय. येणार आहेत ना त्या?"

"नाही," वर्षाराणीच्या तोंडून निघून गेलं. "तिचं नाशिकचं रद्द झालं."

फोन ठेवला आणि ती परत भेंडी तोडायला लागली. कोवळी, जून, हाताला येईल ती तोडत सुटली. गणेश नंतर टोपल्याकडे बघून ओरडला, "हे काय तोडलं? कोन घेईन हे बाजारात?"

हेमलानं वाट पाहिली. फोन आला नाही, असं ती दोनदा म्हणाली, आणि दोन्ही वेळा वर्षाराणीनं मान खाली घातली. शेवटी पोरगी हिरमुसून म्हणाली, "जाऊ द्या वयनी. तुमी म्हंता तं नागपूर. तुमी माह्यं वाईट थोडी सांगसान?"

त्या संध्याकाळी अंगणात डाव मांडला. गेल्या वर्षभरात हेमलाच जिंकत आली होती. त्या दिवशी मात्र समोरच्या, सोप्या सोंगट्या ती चुकवायला लागली. राणी अगदी भोकाच्या तोंडावर असताना तिनं स्ट्रायकर भलतीकडेच मारला. वर्षाराणीचा हात थांबला.

"मुद्दाम हारून राह्यली तू?"

"नाही वो..."

"खोटं नको बोलू. मी शिकवलं तुले. काहून?"

हेमला ओशाळली. "आता मी चालली. म्हटलं, तुमाले बरं वाटन."

वर्षाराणीनं हातानं सगळ्या सोंगट्या उधळून दिल्या. "मले दान नको तुह्यं! नाशिकचा फोन आला होता. मीच सांगतलं, येत नाही म्हणून!"

"काहून, वयनी?"

"जळून राह्यली मी तुह्यावर. तुले तीन शहरं भेटले निवडाले. मले कोनं इचारलं होतं, वर्षा, तुले कुठं जायचं हाय? माह्या बापानं गाव ठरवलं, आन् मी बोर्ड घेऊन आली."

हेमला उठून घरात गेली. ओरडली नाही, रडलीही नाही. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः नाशिकला फोन लावला. जागा भरली होती, पण बाई म्हणाल्या, या, बघू काहीतरी. तिनं दवाखान्याला नाशिक कळवून टाकलं. जायच्या दिवसापर्यंत ती वहिनीशी कामापुरतंच बोलली, आणि निघताना पाया पडली तेव्हा वर्षाराणीला तोंडावर मारल्यासारखं झालं.

ती गेल्यावर घर खायला उठलं. पण मत्सर काही गेला नाही. हेमलाचे गोदावरीच्या घाटावरचे, क्लबातले फोटो यायचे आणि वर्षाराणी ते मोठे करून करून बघायची. एका शनिवारी तिनं गणेशला सांगितलं, "उद्या मी वाशीमले जातो. तिथं हॉलमंधी कॅरम खेळतेत."

"मानसं खेळतेत तिथं, बाया नाही."

"खेळू दे."

"आन् भाजी?"

"तू हाय ना."

गणेश पुटपुटला, पण जीपपर्यंत सोडायला आला. पहिल्या रविवारी ती हरली. सरावच नव्हता. नंतर जिंकायला लागली, तसे समोर बसायला पुरुष का-कू करू लागले, आणि त्याचं तिला मोठं समाधान वाटलं.

दिवाळीच्या सुमारास हेमलाचा फोन आला. आवाज अजून जरा अवघडलेला होता. "वयनी, डबलले मले जोडीदारीन भेटली. योगिनी नाव हाय. लय मस्त खेळते."

वर्षाराणीचा मत्सर पुन्हा उसळला. या खेपेला तो शहराचा नव्हता, त्या जोडीदारणीचा होता.

"मस्त म्हंजे कशी? रिबाउंड जमते का तिले?"

"जमते की."

"डाव्या भोकात?"

हेमला खळखळून हसली. "डाव्या भोकात नाही जमत तुमच्यासारखं."

"मंग कायची मस्त," वर्षाराणी म्हणाली. "तिले फोन दे. मी सांगतो."