दादाचा कान

माझ्या मोठ्या भावाला लोक कानवाले म्हणतात. जुना इलेक्ट्रिक ऑर्गन घ्यायचा तर आधी कानवाल्यांना दाखवा, असं वाजवणारे एकमेकांना सांगतात. शाळा, क्लबांचे हॉल, संगीताचे वर्ग, निवृत्तीनंतर हौस फुटलेले साहेबलोक, सगळे त्याला घेऊन जातात. तो ऑर्गनपुढे डोळे मिटून उभा राहतो, पाच मिनिटांनी डोळे उघडतो आणि 'घ्या' किंवा 'नको' म्हणतो. कारण विचारलं तर सांगतो, पण उपकार केल्यासारखं. त्याच्यामागे तीस वर्षं पिशवी धरून एक बाई उभी असते, ती मी. मला लोक काही म्हणत नाहीत.

पिशवीत दोन स्क्रू ड्रायव्हर, ब्रश, फडकं, टॉर्च आणि दादाच्या चष्म्याची डबी. दादाची पद्धत ठरलेली. ऑर्गन सुरू करायचा आणि एकही पट्टी न दाबता आधी नुसता ऐकायचा. त्याला तो 'रिकामा ऐकणं' म्हणतो. वाजवल्यावर कुठलाही ऑर्गन गोड लागतो, खरा दोष गप्प असताना कळतो, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरं आहे. गेली काही वर्षं रिकामा ऐकताना मी त्याच्या बरोबर समोर, ऑर्गनच्या पलीकडे, टॉर्च धरून उभं राहायचं. भर दुपारी, खिडक्या उघड्या असताना टॉर्च कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "सांगितलं तेवढं कर," म्हणाला. तेवढं केलं.

माझी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात, तक्रारींच्या खिडकीवर. एकतीस वर्षं. समोरचा माणूस रिकामी बादली टेबलावर आपटून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत असला तरी चेहऱ्यावरची एक सुरकुती हलू द्यायची नाही, एवढंच त्या खुर्चीचं शिक्षण. सोमवार ते शनिवार आवळून धरलेला चेहरा रविवारी दादाबरोबर बाहेर पडले की आपोआप सुटायचा. घाण वास आला की नाक मुरडायचं, हसू आलं की दात दाखवून हसायचं. "तुझ्या तोंडावर सगळं छापून येतं," असं दादा म्हणायचा. मला ती चेष्टा वाटायची.

लहानपणी ऑर्गन दादालाच शिकवला गेला. एकाचीच फी परवडते आणि तो मोठा, असं आई म्हणाली आणि विषय संपला. मास्तर शिकवायला यायचे तेव्हा मी आतल्या खोलीत कपड्यांना इस्त्री करायचे. दादाचं बोट चुकलं की माझी इस्त्री थांबायची. मास्तर "हं, पुन्हा" म्हणायचे, त्याच्या आधी थांबायची. हे कुणाला सांगायचं कारण नव्हतं. दादाचं लग्न झालं, ऑर्गन त्याच्या घरी गेला आणि माझ्याकडे इस्त्री राहिली. पुढे वहिनी मला घराची किल्ली ठेवायला द्यायची, ते लोक गावाला गेले की मी तिथे जाऊन दारं लावून वाजवायचे. असं चोरून जितकं येतं तितकं मला येतं.

निवृत्त झाले तेव्हा थोडे पैसे हातात आले, आणि त्यातला एक भाग मी ऑर्गनसाठी बाजूला काढला. माझ्या खोलीत, माझ्या खिडकीशी, माझा. एकदाच घेता येणार होता. चुकला तर दुसरा घेण्याइतके पैसे नव्हते आणि वयही नव्हतं. दादाला सांगितलं तर म्हणाला, "या वयात?" मग म्हणाला, "बरं. पण तीन बघू. तीन बघितल्याशिवाय एक घ्यायचा नसतो."

पहिला एका दाताच्या डॉक्टरांचा होता. डॉक्टर जाऊन सहा वर्षं झाली होती आणि त्यांच्या बायकोने ऑर्गन तेव्हापासून उघडलेला नव्हता. आत लोखंडी चाकं फिरतात आणि त्यातून सूर निघतो, त्या जातीचा. वजनाला कपाटासारखा. दादाने मागची फळी काढली, बाईंनी बटण दाबलं, चाकांनी हळूहळू वेग घेतला. मी टॉर्च घेऊन समोर उभी होतेच. पण फळी निघाल्याबरोबर आतून डांबराच्या गोळ्यांचा असा भपकारा आला की माझं तोंड पार कडू झालं. बाईंनी कसर लागू नये म्हणून आत ओंजळभर टाकल्या असणार. दादाने डोळे उघडले. "नको," म्हणाला.

बाई बिचाऱ्या ओशाळल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही तरी बसा दोन मिनिटं, कुणी वाजवला नाहीये हो." मी बसले. पट्ट्या हाताखाली अशा गेल्या की मला उठावंसं वाटेना. वरचे सूर स्वच्छ, खालचे भरदार, आणि हात उचलला की पूर्ण शांतता. जिन्यात मी दादाला म्हटलं, "मला तर चांगला वाटला." तो म्हणाला, "वरच्या सुरांत गडबड आहे. तुला काय कळतंय त्यातलं?" आणि मी ते मानलं. माझ्या कानाच्या पलीकडचं काहीतरी त्याला ऐकू आलं असणार, असं मला शपथेवर वाटलं. तीस वर्षं त्याच्यामागे पिशवी धरून मी हेच तर शिकले होते.

दुसरा एका बंद पडलेल्या हॉटेलचा. त्यात उंदरांचा संसार होता, तारांची बाळंतिणीची खोली केलेली. मी किंचाळले, दादा 'नको' म्हणाला. तिथे कानवाल्याची गरजच नव्हती.

तिसरा बघायला व्यापाऱ्याच्या गोदामात गेलो. हा व्यापारी जुने ऑर्गन घेतो-विकतो आणि दादाची निम्मी कामं त्याच्याकडूनच येतात. तिथे आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर व्यापारी हसत म्हणाला, "कानवाले, लोक म्हणतात आता तुमचा कान म्हातारा झाला. मी नाही हो, लोक म्हणतात." दादाही हसला, पण त्याच्या हनुवटीखालची शीर उडताना मला दिसली.

ऑर्गन दिसायला देखणा. दोन मजली पट्ट्या, रंगीत कळा, गुळगुळीत लाकूड. बटण दाबलं आणि एक शिट्टी सुरू झाली. बारीक, उंच, सरळ, डास कानाशी येऊन तिथेच थांबावा तशी. एकही पट्टी दाबलेली नव्हती. व्यापारी आणि ती गिऱ्हाइकं दाराशी, रस्त्याच्या गोंगाटात उभी होती. मी दादाकडे पाहिलं. त्याचा कान स्पीकरवरच्या जाळीच्या कापडापासून चार बोटांवर होता आणि चेहरा अगदी निवांत होता.

त्याला ती ऐकूच येत नव्हती. मला एकदम त्याचं मनगटावरचं घड्याळ आठवलं. दर तासाला ते पिकपिक करतं, सगळं घर वैतागतं, आणि तो एकटा शांत बसतो. त्याला सवय झाली असेल, असं आम्ही समजत होतो.

मी तोंड उघडलं असतं तर व्यापाऱ्यासमोर, त्या दोन गिऱ्हाइकांसमोर दादाची तीस वर्षं तिथेच आडवी झाली असती. दुसरं त्याला काही येत नाही. वहिनी गेल्यापासून तर त्याच्याकडे या नावाशिवाय काही नाही. मी खिडकीवरचा चेहरा चढवला. एकतीस वर्षांत इतका नीट कधी चढवला नव्हता. दादाने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि म्हणाला, "घे. एकदम शांत आहे."

मी घेतला. मी पैसे मोजत होते तेव्हाही ती शिट्टी चालूच होती.

घरी आणल्यावर मनाची समजूत घातली की सवय होईल. नाही झाली. वाजवत असताना ती दबते, पण कुठल्याही सुरावटीच्या शेवटी हात उचलला की ती तिथे हजर. शांत, संथ असं काही वाजवणंच शक्य नव्हतं, आणि मला तेवढंच वाजवायचं होतं. कानात कापूस घातला तर ऑर्गन गेला आणि शिट्टी राहिली. एका कारागिराला दाखवला, तो म्हणाला की या जातीचे भाग आता कुणी बनवत नाही. विकलेला माल व्यापारी परत घेत नाही. डॉक्टरांच्या बायकोला फोन केला, तर त्यांचा ऑर्गन दुसऱ्याच आठवड्यात एका शिक्षकाने नेला होता. मग मी माझ्या ऑर्गनवर चादर टाकली आणि वर इस्त्रीचे कपडे ठेवायला लागले. रविवारी दादा यायचा, कपडे उचलून बाजूला ठेवायचा, अर्धा तास वाजवायचा आणि म्हणायचा, "बघ, किती शांत आहे. माझ्यामुळे मिळाला." मी चहा टाकायला उठायचे.

दोन महिन्यांनी दादाची मुलगी माहेरपणाला आली, ती त्याच्याबरोबर माझ्याकडे आली. दादाने बटण दाबलं आणि तिने दोन्ही कानांत बोटं घातली. "आत्या, ही कसली शिट्टी? बाबा, बंद करा आधी ते." दादाने बंद केलं. ती चहा करायला आत गेली. आम्ही दोघंच राहिलो.

"तुला ऐकू येत होती?" दादाने विचारलं.

"हो."

"गोदामातसुद्धा?"

"हो."

मला वाटलं आता तो खचून खाली बसेल. मी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवायच्या तयारीत होते. तो म्हणाला, "मग तोंड का वाकडं केलं नाहीस?"

मला आधी कळलंच नाही.

"अगं, मी तुझ्या तोंडाकडे बघूनच ठरवतो ना," तो वैतागून म्हणाला. ऑफिसात साहेब कामचुकार कारकुनाशी बोलतो त्या आवाजात. "वरचे सूर अकरा वर्षांपूर्वीच गेलेत माझे. कानाचे डॉक्टर म्हणाले होते, वाढत जाणार. तू समोर असतेस, तुझं तोंड वाकडं झालं की मी नको म्हणतो. कधी चुकलं नाही. आणि स्वतःच्याच ऑर्गनच्या वेळी तू दगडासारखी उभी राहिलीस."

"डोळे तर मिटलेले असतात तुझे."

"किलकिले असतात."

"आणि त्या दाताच्या डॉक्टरांच्या घरी?"

"तिथे तर केवढं तोंड केलंस तू."

"डांबराच्या गोळ्यांचा वास होता तो, दादा."

त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "ते मला कसं कळणार?"

मला रडू येईल असं वाटलं होतं, पण राग आला. इतका राग मला त्या खिडकीवर एकतीस वर्षांत आला नव्हता. त्याचं नाव वाचवायला मी माझा ऑर्गन घालवला होता, आणि ते नाव अकरा वर्षं माझ्याच तोंडावर चाललं होतं. एकदा तरी सांगायचं होतंस. घरी, जिन्यात, बसमध्ये, फोनवर, कुठेही. उलट 'तुला काय कळतंय' म्हणालास. हे सगळं मी त्याला म्हणाले, मोठ्याने म्हणाले. आतून भाची चहाचे कप घेऊन आली आणि दारातच थांबली. दादा म्हणाला, "आता तिच्यासमोर नको." म्हणजे लाजही त्यालाच वाटत होती. मला विचारायचं होतं की मग मी नक्की कुणासमोर बोलू, पण चहा आला होता.

तीन आठवडे आम्ही बोललो नाही. मग त्याचा फोन आला. "रविवारी एका बाईंचं काम आहे. संगीताचा वर्ग चालवतात. येशील ना?" जणू काही झालंच नव्हतं. मी हो म्हटलं. सवयीने म्हटलं असं कुणी म्हणेल तर म्हणू दे. मला खरं तर एक गोष्ट बघायची होती.

बाईंनी बघून ठेवलेला ऑर्गन एका बंद शाळेच्या हॉलमध्ये होता. दादाने फळी काढली, बटण दाबलं, डोळे मिटले. मी टॉर्च धरून समोर उभी राहिले आणि चेहरा पाटीसारखा कोरा ठेवला. दोष मला पहिल्या क्षणी कळला होता. दादाच्या पापण्या हलल्या. त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मिटले, पुन्हा पाहिलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्याच्या कपाळावर घाम आला. त्याने रुमाल काढला. बाई घड्याळाकडे बघायला लागल्या. मला त्याची दया येत होती आणि तरीही मी एक सुरकुती हलू दिली नाही.

शेवटी तो सर्वांदेखत म्हणाला, "तुला काय वाटतं?"

तीस वर्षांत पहिल्यांदा. मी म्हणाले, "वरचे तीन सूर गळतायत. पट्टी न दाबतासुद्धा ऐकू येतात. दुरुस्त होईल, पण तसं सांगून किंमत कमी करून घ्या."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही, दादाकडे पाहिलं. दादाने रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि मान हलवली. "बरोबर आहे तिचं."

"वा," बाई कौतुकाने त्याला म्हणाल्या, "तुमच्याबरोबर राहून ताईंचाही कान तयार झाला की."

"होतो हळूहळू," दादा म्हणाला, आणि पिशवी माझ्याकडे दिली.