मन नसलेल्या दिवसांची सेवा

गेल्या वर्षी पक्षाघाताच्या झटक्याने माझा उजवा हात गेला. म्हणजे हात जागेवरच होता, पण माझं ऐकत नव्हता. रामदासपेठेतल्या दवाखान्यातून घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, रोज व्यायाम केला तर बोटं बरीचशी परत येतील, मात्र हे पहिले महिने वाया घालवू नका. मी कोराडीच्या देवीला मनोमन शब्द दिला, आई, एक दिवसही चुकणार नाही. त्या क्षणी ते अगदी खरं होतं.

एका वाटीतले सुके वाटाणे एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे, हा व्यायाम. पहिला दीड महिना मी तो इतक्या उत्साहाने केला की यजमान म्हणायचे, आता वाटाण्यांनाही विश्रांती दे. माझी वेणीही तेच घालू लागले होते. ती वाकडी व्हायची, पण मी तशीच मिरवायची. मग प्रगती थांबली. आज जितके वाटाणे उचलले, तितकेच आठवडाभरानेही. हळूहळू मन उडालं. सकाळी ते भाजीला गेले की मी वाटी मांडीवर घेऊन नुसती खिडकीबाहेर बघत बसायची आणि ते परतले की सांगायची, "झाला व्यायाम." ते मोठ्या कौतुकाने पुण्याच्या मुलीला फोनवर सांगत, आई नेमाने करते. ते ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं होई. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एका मंगळवारी ते मला बसने कोराडीला घेऊन गेले. कोणत्या तोंडाने देवीसमोर जाऊ, असं झालं होतं. ते चपला ठेवायला गेले तेव्हा मी सभामंडपात खाली बसले. शेजारी सावनेरकडच्या खेड्यातली एक म्हातारी बाई आपल्या शेतातल्या झेंडूचा हार ओवत होती. "हे फुलं धर बरं वं बाई जरा," म्हणत तिने ओंजळभर फुलं माझ्या उजव्या हातावर ठेवली. ती लगेच सांडली. ओशाळून मी हाताचं सांगितलं. तिने ना हळहळ केली, ना हात बदलायला सांगितलं. फुलं गोळा केली आणि पुन्हा त्याच हातावर ठेवली. पुन्हा सांडली, तिने पुन्हा ठेवली. हार पुरा होईपर्यंत असंच चाललं.

का कोण जाणे, घरी कोणाला न सांगितलेलं मी तिला सांगून टाकलं. मन उडालंय, मी घरच्यांनाच नाही तर देवीलाही फसवलंय. तिने दोऱ्याची गाठ मारली आणि म्हणाली, "मी दर मंगळवारी येते, बाई. दरवेळी मन लागते असं नाही. कधी घरी भांडून येते, कधी इथं बसल्या बसल्या झोप येऊन राहते. पण देवी मले विचारत नाही, मन आणलं का म्हणून. फुलं आणली, ती घेते." मग हार घेऊन ती रांगेत शिरली. नंतर अनेक मंगळवारी शोधलं, पण ती दिसली नाही. नावही विचारायचं राहिलं.

परतीच्या बसमध्ये मी यजमानांना सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "मले माहीत होतं. वाटाणे रोज त्याच वाटीत राहत. म्हटलं, थकली असशील, सांगशील कधीतरी." मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडले.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी देवापुढे दिवा लावला की तिथेच दहा मिनिटं वाटाणे घेऊन बसू लागले. उत्साह परत आला नाही, मीही त्याची वाट बघणं सोडलं. तापात तीन दिवस चुकले, चौथ्या दिवशी स्वतःला न रागावता बसले. पावसाळा सरता सरता एका सकाळी बोटांनी मुठीत पेला धरला. करंगळी अजून ताठच आहे, कदाचित तशीच राहील.

पूर्वी मी देवीकडे हात मागत होते. आता हाताचं काय करायचं ते मी तिच्यावर सोपवलं आहे. मी फक्त एवढंच म्हणते, आई, आज मन नाही, पण मी आले आहे.